विडी वळणारी महिला : कामगार की कंत्राटदार?

सोलापूरच्या पूर्व भागात सकाळच्या वेळी टोपल्या घेतलेल्या स्त्रिया विडी कारखान्यांच्या शाखांकडे निघालेल्या दिसतात. टोपलीत आदल्या दिवशी घरी बसून वळलेल्या विड्या असतात. शाखेत त्या मोजल्या जातात, तपासल्या जातात. निकृष्ट ठरलेल्या विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढल्या जातात. उरलेल्यांची नोंद वहीत होते आणि दुसऱ्या दिवसासाठी तेंदूची पाने, तंबाखू व सूत यांचे माप टोपलीत पडते. मजुरी हजार विड्यांमागे ठरलेल्या दराने मिळते. कित्येक घरांत आजीपासून नातीपर्यंत हा क्रम अखंड चालत आलेला आहे.

या स्त्रीला कारखान्याची नोकर म्हणावे, की मालाचे काम अंगावर घेणारी स्वतंत्र कंत्राटदार? वरवर पाहता दुसरे उत्तर खरे वाटते. तिच्यासाठी भोंगा वाजत नाही, तिची हजेरी लागत नाही. ती स्वतःच्या उंबरठ्यावर बसून, स्वयंपाक उरकून, सवडीने काम करते. एखाद्या दिवशी काम केले नाही तरी तिला जाब विचारला जात नाही. घरातील मुलगी किंवा सासू तिच्या मदतीला बसते. परंतु थोडे खोलात गेले की चित्र पालटते. पान तिचे नाही, तंबाखू तिचा नाही, दर तिने ठरवलेला नाही, विडीवर लागणारा छाप तिचा नाही आणि वळलेली विडी दुसऱ्या कोणाला विकण्याची तिला मुभा नाही. तिचे म्हणावे असे दोन हातच काय ते आहेत.

हा भेद नेमका कोठे करायचा, या प्रश्नाने देशातील न्यायालयांना अनेक दशके गुंतवून ठेवले. त्याचा निकाल लावण्यात विडी उद्योगाचा वाटा फार मोठा आहे. आज घरी कपडे शिवणाऱ्या शिंप्यापासून दुचाकीवरून जेवण पोहोचवणाऱ्या तरुणापर्यंत अनेकांच्या बाबतीत तोच प्रश्न नव्याने उभा आहे. म्हणून सोलापूरच्या या जुन्या उद्योगातून मिळालेले धडे समजून घेणे अगत्याचे ठरते.

नावावर काय अवलंबून असते?

‘कामगार’ आणि ‘कंत्राटदार’ या दोन शब्दांमधील फरक केवळ शब्दच्छल नाही. कामगार ठरलेल्या व्यक्तीला किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन, ग्रॅच्युइटी, प्रसूती लाभ, रजा आणि कामावरून कमी करताना कायद्याचे संरक्षण मिळू शकते. स्वतंत्र कंत्राटदाराला यातील काहीच मिळत नाही. त्याचा नफा त्याचा आणि तोटाही त्याचाच. कायदा असे गृहीत धरतो की तो स्वतःची काळजी स्वतः घेण्यास समर्थ आहे.

सोलापुरात या शब्दाचे मोल घराच्या भिंतींतही दिसते. विडी कामगार कल्याण निधीचा कायदा १९७६ मध्ये झाला आणि त्याखाली मिळणारे ओळखपत्र हे औषधोपचार, मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि घरकुल यांचे प्रवेशद्वार ठरले. हैदराबाद रस्त्यावरील वस्तीचे नावच ‘विडी घरकुल’ असे रूढ आहे. शहराजवळ कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचे हस्तांतरण झाले. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या घरांची पहिली अट एकच होती : अर्जदार स्त्री विडी कामगार असल्याचा पुरावा. जिच्याजवळ कागद होता तिला दार उघडले. तेवढ्याच विड्या वळूनही जिचे नाव कोणत्याही वहीत नव्हते, तिची गणना मात्र कशातच झाली नाही.

दुसऱ्या बाजूने, उद्योजकाच्या दृष्टीनेही हा भेद जिव्हाळ्याचा आहे. ‘आमच्याकडे कामगार नाहीत, सर्व कंत्राटाने चालते’ या समजुतीत वर्षे काढलेल्या मालकाला एखाद्या दिवशी भविष्य निर्वाह निधीची थकबाकी व्याज व दंडासह भरण्याचा आदेश मिळतो, तेव्हा छोटा व्यवसाय मुळापासून हलतो. चूक हेतुपुरस्सर होती की अज्ञानाने, याने देणे रद्द होत नाही.

न्यायालयांचा नागमोडी प्रवास

इंग्रजी कायद्यातून आपल्याकडे आलेली पहिली कसोटी नियंत्रणाची होती. काय काम करायचे एवढेच जो सांगतो, तो कंत्राट देणारा. ते काम कसे करायचे हेही जो सांगू शकतो, तो मालक. सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये धरांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात सौराष्ट्रातील मिठागरांवर काम करणाऱ्या अगरियांना याच कसोटीवर कामगार ठरवले. अगरियांना मजुरी मिठाच्या वजनावर मिळे, ते कुटुंबासह राबत आणि प्रसंगी स्वतःची माणसेही लावत. तरीही कामाच्या प्रत्येक टप्प्यावर कंपनीची देखरेख होती आणि ते स्वतःही अंगमेहनत करीत होते, हे निर्णायक ठरले.

विडीच्या बाबतीत मात्र ही कसोटी अडखळली. १९५८ मध्ये मध्य प्रदेशातील सागर येथील प्रकरणात कारखान्याला विड्या पुरवणारे ‘सट्टेदार’ हे स्वतंत्र कंत्राटदार असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. तंबाखू कारखान्याकडून घेऊन ते आपल्या जागेत, आपल्या माणसांकडून विड्या वळवून घेत. त्यामुळे त्यांची माणसे कारखाना कायद्याखालील कामगार ठरली नाहीत. पुढे १९६० च्या अखेरीस नागपूरच्या न्यायालयातून वर गेलेल्या बिरधीचंद शर्मा खटल्यात कारखान्यात बसून तुकड्यावर विड्या वळणाऱ्यांना न्यायालयाने कामगार ठरवले. विडी वळणे हे साधे काम असल्याने दिवसभर डोक्यावर उभे राहण्याची गरजच नसते. दिवसाअखेर निकृष्ट माल नाकारण्याचा अधिकार हेच तेथील नियंत्रण होय, असा या निकालाचा गाभा होता. आश्चर्य असे की, यानंतर वर्षभराच्या आतच, १९६१ मध्ये, शंकर बालाजी वाजे खटल्यात त्याच न्यायालयाने बहुमताने उलट मत दिले. हवे तेव्हा येणारा आणि हवे तेव्हा जाणारा विडी वळणारा कामगार नाही, असे त्यात ठरले. न्या. सुब्बा राव यांनी मात्र आपले विरोधी मत नोंदवले.

या गोंधळाचा लाभ कोणाला झाला हे सांगण्याची आवश्यकता नाही. विडीला वीज लागत नाही. विजेविना चालणाऱ्या कारखान्याला कारखाना कायदा लागू होण्यासाठी वीस कामगार आवश्यक होते. तेव्हा मोठ्या कारखान्याचे तुकडे करणे, काम घरोघर वाटणे आणि मध्ये एखादा ठेकेदार उभा करणे हा राजमार्ग झाला. छाप एकाचा, जागा दुसऱ्याची, मजूर तिसऱ्याचे आणि जबाबदारी कोणाचीच नाही, अशी ती रचना होती.

१९६४ मध्ये मद्रास राज्यातील दिवाण मोहिदीन साहेब यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या पडद्याला हात घातला. कागदोपत्री ठेकेदारांशी रीतसर करार होते. पण हे ठेकेदार स्वतःच हातावर पोट असलेले होते. माल नेऊन देणे व विड्या गोळा करणे यापलीकडे त्यांना काही अधिकार नव्हता. ते नावाचे ठेकेदार, प्रत्यक्षात मालकाचे हस्तक आहेत आणि घरी वा ठेकेदाराच्या जागेत विड्या वळणारे मालकाचेच कामगार आहेत, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. करारात काय लिहिले आहे याहून व्यवहार कसा चालतो याला महत्त्व आले, ते येथून.

१९६६ चा कायदा : दोन गाठी एकत्र

या पार्श्वभूमीवर संसदेने १९६६ मध्ये विडी व सिगार कामगार कायदा संमत केला. त्याचे वैशिष्ट्य असे की, कामगार कोण आणि परवाना कोणाला, हे दोन्ही प्रश्न त्याने एकाच वेळी हाताळले.

पहिली गाठ व्याख्येची होती. मालकाने किंवा ठेकेदाराने दिलेल्या कच्च्या मालापासून घरी विड्या वळणाऱ्या व्यक्तीचा समावेश कायद्याने ‘कर्मचारी’ या संज्ञेत स्पष्ट शब्दांत केला. ‘कंत्राटदार’ या संज्ञेत मुनीम, ठेकेदार, सट्टेदार, दलाल असे मधले सर्व दुवे घेतले. पैसे आगाऊ देऊन किंवा माल पुरवून ज्याचा धंद्यात भरीव हितसंबंध आहे, तोही मालकाच्या व्याख्येत येऊ शकेल अशी तरतूद झाली.

दुसरी गाठ परवान्याची. ज्या जागेत विडी तयार करण्याची कोणतीही प्रक्रिया चालते ती ‘औद्योगिक जागा’ ठरली आणि वैध परवान्याशिवाय ती वापरण्यास मनाई झाली. परवाना देताना अधिकाऱ्याने जागा योग्य आहे का एवढेच पाहायचे नव्हते. अर्जदाराला धंद्याचा अनुभव आहे का, कामगार कायद्यांखालील देणी भागवण्याची त्याची आर्थिक ऐपत आहे का आणि अर्ज तो खरोखर स्वतःसाठी करीत आहे की दुसऱ्या कोणाच्या वतीने बेनामी, हेही तपासायचे होते. ही शेवटची कसोटी फार सूचक आहे. परवाना गरीब ठेकेदाराच्या नावे काढून खरा मालक पडद्याआड राहतो, हा धंद्यातील जुना डाव कायदा करणाऱ्यांना ठाऊक होता.

विडी वळणाऱ्या स्त्रीच्या घराला मात्र परवान्याची सक्ती नव्हती. कुटुंबीयांच्या मदतीने स्वतःच्या राहत्या घरात स्वतःचा धंदा करणाऱ्याला कायद्यातून सूट होती. पण त्या सुटीला एक अट जोडलेली होती : अशी व्यक्ती कायदा लागू असलेल्या कोणत्याही मालकाची कर्मचारी असता कामा नये. म्हणजे तेंदू पान व तंबाखू स्वतः विकत घेऊन, विड्या वळून, स्वतःच्या हिमतीवर विकणारे कुटुंब स्वतंत्र. कारखान्याच्या पानावर राबणारे कुटुंब मात्र घरात असूनही कारखान्याचे. साऱ्या वादाचे सार या एका अटीत सामावलेले आहे.

मालकांनी या कायद्याला आव्हान दिले. मंगलोर गणेश बीडी वर्क्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९७४ मध्ये कायदा वैध ठरवला. पुढे भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९७७ मध्ये विडी उद्योगाला लागू झाला, तेव्हा घरी काम करणाऱ्यांना तो लागू नाही असा पवित्रा घेण्यात आला. पी. एम. पटेल अँड सन्स खटल्यात १९८५ मध्ये न्यायालयाने तोही फेटाळला. घरी वळलेली विडी कारखान्याच्या कामाचाच भाग आहे आणि माल नाकारण्याचा अधिकार हे नियंत्रणच आहे, हे तत्त्व पक्के झाले. सोलापुरात निवृत्तिवेतनाची रक्कम हातात पडते, तेव्हा तिच्या मुळाशी हा निकाल असतो. २०१४ पासून या योजनेतील किमान निवृत्तिवेतन दरमहा हजार रुपये आहे. रक्कम तुटपुंजी खरी, पण वहीत नाव नसलेल्या स्त्रीला तेवढेही मिळत नाही.

नव्या संहितांत काय बदलले?

चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात लागू झाल्या आणि १९६६ चा विडी कामगार कायदा तसेच १९७० चा कंत्राटी कामगार कायदा त्यांत विलीन झाले. विडीच्या औद्योगिक जागेसाठी परवाना, घराबाहेर नव्हे तर घरात स्वतःचा धंदा करणाऱ्यांना सूट आणि त्या सुटीवरील ती जुनी अट, या तरतुदी व्यवसाय सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेत आल्या आहेत.

तथापि सामाजिक सुरक्षा संहितेत ‘गृहाधारित कामगार’ अशी स्वतंत्र संज्ञाही आहे. मालकासाठी स्वतःच्या घरी वस्तू तयार करून देणारी व्यक्ती, मग कच्चा माल कोणीही पुरवलेला असो, या संज्ञेत बसते. तिची गणना असंघटित कामगारांत होते आणि असंघटितांसाठी असतात त्या सरकारी योजना. भविष्य निर्वाह निधीतील मालकाचा हिस्सा त्यात नाही. तेव्हा विडी वळणारी स्त्री या नव्या वर्गात ढकलली जाते, की न्यायालयांनी मान्य केलेले ‘कर्मचारी’ हे स्थान टिकवते, हा येत्या काळातील कळीचा मुद्दा राहील. जुन्या निकालांचे महत्त्व म्हणूनच कमी झालेले नाही.

कंत्राटी कामगारांच्या बाबतीतही लक्षणीय बदल आहे. पूर्वी वीस कामगार लावणाऱ्या ठेकेदाराला परवाना घ्यावा लागे. महाराष्ट्राने पुढे ही मर्यादा पन्नासवर नेली आणि नव्या संहितेतही ती पन्नासच आहे. ठेकेदाराकडे परवाना नसेल तर त्याचे कामगार आपोआप मूळ मालकाचे होत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दीनानाथ खटल्यात म्हटले होते. नव्या संहितेने हे उलटवले आहे. परवाना आवश्यक असूनही तो न घेतलेल्या ठेकेदारामार्फत माणसे लावली, तर ती मूळ मालकाचीच मानली जातील. परवाना पाहिल्याशिवाय ठेका देणे मालकाला आता परवडणारे नाही.

शिंपी, माग आणि हमाल

सोलापूर हे गणवेश शिवणारे शहर म्हणूनही ओळखले जाते. तेथे कापड व कटिंग व्यापाऱ्याचे आणि शिलाई घरी बसलेल्या कारागिराची, अशी विभागणी सर्रास दिसते. त्यांच्यासाठी हैदराबादच्या सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसचा १९७३ चा निकाल मार्गदर्शक आहे. दुकानाच्या यंत्रांवर तुकड्याने कपडे शिवणारे शिंपी ठरावीक वेळेला बांधलेले नव्हते, काही जण काम घरीही नेत. तरीही शिवण पसंत नसेल तर ती पुन्हा करून मागण्याचा अधिकार दुकानाला होता, यावर न्या. मॅथ्यू यांनी बोट ठेवले आणि त्यांना कर्मचारी ठरवले. नियंत्रण ही एकमेव कसोटी नव्हे, साधने कोणाची, व्यवहाराचे एकंदर स्वरूप काय, हेही पाहिले पाहिजे, असा दृष्टिकोन त्यातून रुजला. पुढे १९७८ मध्ये हुसेनभाई खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याला आर्थिक परिमाण दिले. कामगाराची उपजीविका, त्याचे कौशल्य आणि त्याचे काम टिकणे ज्याच्या हाती आहे, तोच खरा मालक, मध्ये कितीही ठेकेदार असोत.

यंत्रमागाचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. स्वतःची शेड, स्वतःचे माग आणि स्वतःची वीजजोडणी असलेला यंत्रमागधारक व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देतो. इचलकरंजीकडे अशांना ‘खर्चीवाले’ म्हणतात. भांडवल त्याचे, बिघाडाची जोखीम त्याची, आज या व्यापाऱ्याचे तर उद्या दुसऱ्याचे काम घेण्याची मुभा त्याला आहे. तो व्यापाऱ्याचा नोकर नव्हे, स्वतंत्र व्यावसायिक आहे. परंतु त्याच शेडमध्ये मागावर उभा असलेला विणकर त्याचा कामगार आहे. एकाच माणसाचे वरच्या व्यवहारातील स्थान आणि खालच्या व्यवहारातील स्थान वेगवेगळे असू शकते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. ‘मीच दुसऱ्यासाठी राबतो, मग मी मालक कसा?’ हा त्याचा सवाल मनाला पटणारा असला, तरी कायद्यापुढे टिकणारा नाही.

बाजार समितीतील हमालांची गोष्ट निराळी. ते दिवसभरात दहा व्यापाऱ्यांचा माल चढवतात, उतरवतात. त्यांचा मालक कोण हे शोधणेच व्यर्थ. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा करून हा तिढा वेगळ्या वाटेने सोडवला. मालक व हमाल या दोघांची नोंद मंडळाकडे होते आणि मजुरी व लाभांची रक्कम मंडळामार्फत दिली जाते. कामगार की कंत्राटदार, या दोन पेट्यांतच सर्व श्रमिकांना कोंबण्याची गरज नसते, हे या कायद्याने अर्ध्या शतकापूर्वीच दाखवून दिले.

ओळखायचे कसे?

न्यायालये एकाच प्रश्नावर निर्णय देत नाहीत, सर्व परिस्थिती तोलतात. तरी सामान्य वाचकाला उपयोगी पडतील असे काही प्रश्न निकालांतून काढता येतात.

१. कच्चा माल व साधने कोणाची? दोन्ही देणाऱ्याची असतील तर काम करणारा बहुधा कामगार असतो.

२. दर कोण ठरवतो? कंत्राटदार घासाघीस करतो, कामगाराला ठरलेला दर सांगितला जातो.

३. नफा-तोट्याची जोखीम कोणाची? तंबाखूचे भाव वाढल्याने ज्याच्या नफ्यात घट होते, तो व्यावसायिक. ज्याला फक्त कमी काम मिळते, तो कामगार.

४. माल नाकारण्याचा व पुन्हा करून घेण्याचा अधिकार कोणाला? तो रोजच्या रोज वापरला जात असेल तर ते नियंत्रणच होय.

५. दुसऱ्याचे काम घेण्याची मुभा खरोखर आहे का? कागदावर असून व्यवहारात नसेल तर ती नाही असेच समजावे.

६. हे काम धंद्याचा गाभा आहे की प्रासंगिक? कारखान्याचे छत दुरुस्त करणारा गवंडी कंत्राटदार असू शकतो. त्याच कारखान्याच्या विड्या वर्षानुवर्षे वळणारी स्त्री तशी असू शकत नाही.

तुकड्यावर मजुरी, कामाच्या वेळेचे स्वातंत्र्य, घरची जागा किंवा कुटुंबीयांची मदत यांपैकी कोणतीही एक गोष्ट एकटीने कंत्राटदार सिद्ध करीत नाही.

परवाना म्हणजे स्वातंत्र्याचा दाखला नव्हे

खऱ्या स्वतंत्र व्यावसायिकाला आपली कागदपत्रे नीट ठेवावी लागतात. महानगरपालिका हद्दीत काही विशिष्ट, विशेषतः धोकादायक किंवा उपद्रवकारक मानलेले व्यवसाय व साठे यांसाठी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाखाली आयुक्तांचा परवाना लागतो. नवा कारखाना सुरू करण्यासही पूर्वपरवानगी आवश्यक असते. दुकाने व आस्थापनांसाठी २०१७ चा राज्याचा कायदा आहे. त्यात दहा किंवा अधिक कामगार असलेल्यांना नोंदणी आणि त्याहून कमी असलेल्यांना केवळ सूचना देणे पुरेसे, अशी व्यवस्था होती. ही मर्यादा वीसवर नेण्यास राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी ताजी स्थिती सहायक कामगार आयुक्त कार्यालयातून समजून घेणे इष्ट.

व्यवसाय कराचा १९७५ चा कायदा तर हा भेद आपल्या कागदांतच दाखवतो. पगारातून कर कापून भरणाऱ्या मालकाचे प्रमाणपत्र वेगळे आणि स्वतःच्या व्यवसायासाठी कर भरणाऱ्याचे वेगळे. ज्याच्याकडे माणसे कामाला आहेत अशा व्यावसायिकाला दोन्ही घ्यावी लागू शकतात.

परंतु कागद असणे आणि स्वतंत्र असणे यांत अंतर आहे. एखाद्या कामगाराला ‘आधी स्वतःच्या नावाने परवाना काढ, मग काम देतो’ असे सांगितले गेले आणि त्याने तो काढला, म्हणून तो उद्योजक होत नाही. परवाना सांगतो की ही जागा वा हा व्यवसाय नियमांत बसतो. मालक कोण हे तो सांगत नाही. १९६६ च्या कायद्यातील बेनामी अर्जाची तपासणी याचसाठी होती. उलटपक्षी, परवाना नाही म्हणून कामगाराचे हक्कही बुडत नाहीत. विनापरवाना शाखेत विड्या देणारी स्त्री ही तिच्या मालकाची कर्मचारीच राहते, दोष असतो तो मालकाचा.

म्हणून व्यवहारात नोंदीला सर्वाधिक किंमत आहे. किती पान दिले, किती विड्या आल्या, किती छाट निघाली, किती मजुरी दिली, याची तारीखवार नोंद कामगाराच्या वहीत व मालकाच्या रजिस्टरात जुळली पाहिजे. एकीच्या नावावर वही आणि वळणाऱ्या तिघी, हा प्रकार त्या घडीला सर्वांनाच सोयीचा वाटतो. पण वीस-पंचवीस वर्षांनी निवृत्तिवेतनाचा अर्ज करताना उरलेल्या दोघींच्या हाती काहीच राहत नाही. प्रामाणिक मालकालाही याच नोंदी वाचवतात. खरोखरच स्वतंत्र असलेल्या पुरवठादाराशी व्यवहार असेल तर त्याची बिले, त्याचे इतर ग्राहक, त्याची साधने आणि त्याची नोंदणी यांचा पुरावा जवळ असणे हीच त्याची ढाल.

जुनाच प्रश्न, नव्या वेशात

मोबाइलवरील अॅपमधून काम घेणाऱ्या चालकांचा वाद जगभर याच वळणावर आला आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरच्या चालकांना स्वतंत्र कंत्राटदार मानण्यास नकार दिला. भाडे कंपनी ठरवते, कराराच्या अटी कंपनी ठरवते आणि प्रवाशाने दिलेल्या गुणांवरून चालकाला दूरही कंपनीच करते, हे त्या निकालाचे आधार होते. दर, अटी आणि छाट यांची ही यादी सोलापूरच्या विडी कामगाराला अपरिचित वाटणार नाही. भारतात सामाजिक सुरक्षा संहितेने गिग व प्लॅटफॉर्म कामगारांना पारंपरिक मालक-नोकर नात्याच्या बाहेर ठेवून त्यांच्यासाठी वेगळा निधी योजला आहे. कंपन्यांनी त्यात वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम द्यायची आहे, मात्र ती कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त असणार नाही. ही माथाडी मंडळाच्या वाटेने जाणारी सुधारणा ठरते, की हक्काऐवजी दिलेला दिलासा, हे अंमलबजावणीवर ठरेल.

सोलापूरच्या शाखेसमोरील रांगेतल्या स्त्रीला संहितांची कलमे ठाऊक असण्याची अपेक्षा नाही. तिने आपले नाव स्वतःच्या वहीवर आहे ना आणि आजच्या विड्यांचा आकडा त्यात बरोबर चढला आहे ना, एवढे रोज पाहिले तरी पुष्कळ. तिला कामगार म्हणवून घेण्यासाठी न्यायालयांत तीस वर्षे झगडावे लागले. तो हक्क एखाद्या छापील करारावर अंगठा उमटवून, किंवा वही दुसरीच्या नावावर ठेवून, नकळत गमावला जाऊ नये.